लिहायला गेले आणि राखणीला बसले

२००९च्या आसपास मराठी विकिपीडियाचं ‘अलीकडील बदल’ हे पान उघडलं की त्यात माणसं शोधावी लागत. बहुतेक नोंदी सांगकाम्यांच्या असत. सांगकाम्या म्हणजे नेमून दिलेलं एकच काम न थकता करत राहणारा प्रोग्रॅम. कुठल्याशा भाषेत पुण्यावर नवा लेख झाला की सगळ्या भाषांतल्या पुण्याच्या लेखात तळाशी एक दुवा वाढायचा, आणि तो वाढवायला सांगकाम्या येऊन जायचा. त्या रांगेत मध्येच ओळखीचं सदस्यनाव दिसलं की बरं वाटायचं. अमुक जण आज क्रिकेटपटूंवर बसलेत, तमुक जण युरोपातल्या राजघराण्यांवर. चेहरे माहीत नव्हते, पण कोण रात्री जागतं आणि कोण पहाटे उठून लिहितं ते माहीत होतं.

मी नद्यांवर बसले होते. माझं माहेर धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं. पांझरा, कान, बुराई या आमच्या नद्यांबद्दल मराठीत नीट वाचावं असं इंटरनेटवर फारसं मिळत नव्हतं, म्हणून लिहायला घेतलं. तेव्हा मराठी टंकलेखनच एक प्रकरण होतं. घरच्या विंडोज एक्सपीवर आधी भारतीय भाषांची सोय सीडी घालून चालू करावी लागायची, नाहीतर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. कोणी ‘बरहा’ या टंकलेखनाच्या प्रोग्रॅममध्ये लिहायचं, कोणी तशाच ‘गमभन’मध्ये, आणि मग ते उचलून विकिपीडियावर चिकटवायचं. एवढा खटाटोप करून जो यायचा तो लिहायच्या ओढीनेच आलेला असायचा. त्या काळात उत्पात, म्हणजे लेखांची मुद्दाम केलेली नासधूस, कमी होता, त्याचं एक कारण मला हेच वाटतं.

मराठी विकिपीडिया सुरू झाला १ मे २००३ला. मी आले तेव्हाही तिथे रिकामी जागा अफाट होती. कुठलाही लेख उघडा, अर्धे दुवे लाल. लाल दुवा म्हणजे या नावाचा लेख अजून कोणी लिहिलेला नाही. त्यावर टिचकी मारायची आणि लिहायला लागायचं. पहिल्याच आठवड्यात माझ्या चर्चापानावर, म्हणजे इतरांनी मला निरोप लिहायच्या पानावर, कोणीतरी ‘स्वागत’ साचा, म्हणजे तयार ठोकळेबाज मजकूर, लावला, आणि त्याखाली स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्या: तुमचा नदीवरचा लेख वाचला, उपनद्यांचा तक्ता कसा करायचा ते हवं असेल तर सांगते. त्या दोन ओळींमुळे मी दुसऱ्या दिवशी परत गेले. संदर्भ कोणी मागितले नाहीत. मागितले असते तर देता आले असते, पण तेव्हा सगळ्यांचा भर भिंती उभ्या करण्यावर होता.

मोठ्या भावाचं, म्हणजे इंग्रजी विकिपीडियाचं, तेव्हा काय चाललं होतं हे मला बऱ्याच उशिरा कळलं. १५ जानेवारी २००१ला तो सुरू झाला, १ मार्च २००६ला दहा लाख लेख झाले, आणि २००७मध्ये नियमित लिहिणाऱ्यांची संख्या शिखरावर पोहोचून उतरायला लागली. लेख वाढतच राहिले, वाचक वाढतच राहिले, लिहिणारे हात मात्र घटत गेले. पुढे संशोधकांनी याचा बारकाईने माग काढला. एकदम आलेल्या गर्दीला आवरायला नियम झाले, नियम राबवायला अवजारं झाली, आणि त्या अवजारांनी उत्पात काही सेकंदांत परतवायला सुरुवात केली. पण त्याच जाळ्यात चांगल्या हेतूने आलेली, अजून रीत न कळलेली नवी माणसंही सापडू लागली. ज्याचं पहिलंच संपादन उलटवलं जातं तो सहसा परतत नाही. २०१८मध्ये ७४० वेगवेगळ्या छोट्यामोठ्या विकींवर, म्हणजे अशाच मिळून लिहायच्या संकेतस्थळांवर, हाच प्रश्न विचारून पाहिला गेला, आणि तिथेही साधारण हेच दिसलं. म्हणजे हा एका संकेतस्थळाचा किंवा एका देशातल्या माणसांचा स्वभाव नाही. एकत्र मिळून काही उभारलं आणि ते मोलाचं झालं, की त्याची राखण करावी लागते. राखण करता करता दार लहान होत जातं.

आमच्याकडे हे शिखर-बिखर काही आलं नाही, कारण गर्दीच कधी झाली नाही. मुळात हातावर मोजण्याइतकी माणसं. पण कामाचा पोत मात्र तसाच बदलत गेला, फक्त सावकाश.

पहिला बदल आला २०१३मध्ये. विकिडाटा नावाचा नवा प्रकल्प आदल्या वर्षी सुरू झाला होता. सगळ्या भाषांमधले दुवे तिकडे एका जागी गेले, आणि सांगकाम्यांची ती अखंड रांग थांबली. ‘अलीकडील बदल’ अचानक शांत झालं. एरवी त्या रांगेआड लपलेलं खरं चित्र समोर आलं: दिवसभरात खरोखर लिहिणारी माणसं किती थोडी होती! मला त्या दिवसांत पहिल्यांदा काळजी वाटली.

दुसरा बदल आला स्वस्त डेटाबरोबर, २०१६नंतर. हातोहाती स्मार्टफोन आले, कीबोर्डवर मराठी आलं, आणि माणसं आली. पण ही माणसं वेगळ्या वाटेने आली होती. पूर्वीचा माणूस लाल दुव्यावरून यायचा, म्हणजे काहीतरी नाही म्हणून लिहायला यायचा. नवा माणूस गुगलवरून थेट तयार लेखावर उतरायचा. तिथे त्याला एखादी गोष्ट खटकायची किंवा स्वतःचं नाव घालावंसं वाटायचं. कोणी नेत्याच्या लेखात विशेषणं घालायचं, कोणी प्रतिस्पर्ध्याच्या लेखातला परिच्छेद उडवायचं. कोणी ऐतिहासिक व्यक्तीचा एकेरी उल्लेख पाहून मनापासून दुखावलेलं असायचं. हा शेवटचा वाद चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, इतक्यांदा झालाय की जुनी मंडळी आता उत्तर देत नाहीत, जुन्या चर्चेचा दुवा देतात. दुवा देणं चूक नाही. दर वेळी तेच तेच कोण लिहिणार? पण विचारणाऱ्याच्या दृष्टीने तो प्रश्न आयुष्यात पहिल्यांदाच विचारलेला असतो, आणि त्याला माणसाऐवजी जुनं दप्तर भेटतं.

माझी निरीक्षणसूची, म्हणजे ज्यांच्यावर नजर ठेवायची त्या पानांची यादी, या काळात फुगत गेली. सकाळी चहाबरोबर ती उघडायची, रात्रीतून काय झालं ते पाहायचं, उत्पात असेल तर उलटवायचं, शंका असेल तर तपासायचं. द्रुतमाघार (एका टिचकीत बदल उलटवणं), संपादन गाळणी (संशयास्पद बदल आपोआप अडवणारी चाळण), पानकाढा साचा (पान काढून टाका अशी सूचना), अर्धसुरक्षित पान (अगदी नव्यांना बदलता न येणारं) हे सगळे शब्द तोंडात बसले. नदीवर नवं लिहिणं मागे पडलं. हे कधी झालं ते सांगता येणार नाही, कारण कुठल्याही एका दिवशी मी तसं ठरवलं नव्हतं. मी प्रचालक, म्हणजे पानं काढण्याचे, सदस्यांना अडवण्याचे अधिकार असलेली सदस्य, झाले नाही, व्हावंसंही वाटलं नाही. पण राखणदार झाले. माझ्याबरोबर आलेले बरेच जण याच वाटेने गेले, आणि काही जण याच कारणाने थांबले. त्यांना लिहायचं होतं, पहारा द्यायचा नव्हता.

या राखणीत एक प्रसंग मला बरंच काही शिकवून गेला, तो जरा सविस्तर सांगते.

महाराष्ट्रातल्या गावांचे हजारो लेख मराठी विकिपीडियावर २०११च्या जनगणनेच्या आकड्यांवरून तयार झालेले आहेत. गावात इतकी कुटुंबं, इतके हेक्टर क्षेत्र, इतके साक्षर, शाळा आहे, दवाखाना अमुक किलोमीटरवर. सगळं खरं, पण गाव त्यात दिसत नाही. आमच्याच भागातल्या अशा एका लेखात एका नव्या सदस्याने मोबाइलवरून चार ओळी घातल्या. दर मंगळवारी बाजार भरतो. चैत्रात ग्रामदैवताची जत्रा असते, तमाशाचा फड येतो. गावात जुनी बारव आहे. आणि शेवटी सरपंचांचं नाव, मोबाइल नंबरसह.

काही मिनिटांत एका जाणत्या सदस्याने ते सगळं परतवलं. नंबर जायलाच हवा होता आणि बाकीच्या ओळींना संदर्भ नव्हता, तेव्हा नियमाने ते बरोबरच होतं. मी त्या मुलाच्या चर्चापानावर गेले. साचा न लावता लिहिलं, की नंबर खासगी असतो म्हणून काढला, बाकीची माहिती हवी आहे, फक्त ती कुठून घेतली ते लिहा.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: “मॅडम माहिती खोटी नाही. मी त्याच गावचा आहे.”

मी लिहिलं, “खोटी आहे असं कोणी म्हणत नाहीये. नाशिकला किंवा नागपूरला बसलेल्या वाचकाला ती पडताळता आली पाहिजे, म्हणून संदर्भ लागतो.”

त्यावर त्याने विचारलं, “मग आमच्या गावाबद्दल पुस्तकात कोण लिहिणार?”

या प्रश्नाला ज्ञानकोश चालवणाऱ्यांकडे अजून चांगलं उत्तर नाही. २०११मध्ये भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत एक प्रयोग झाला होता. मल्याळम, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकेतली सेपेडी या भाषांमध्ये गावातल्या जाणत्या माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून त्यांचाच संदर्भ म्हणून वापर करायचा. मला तो मार्ग तेव्हाही पटला होता, आजही पटतो. पण नियमांमध्ये त्याला पक्की जागा मिळाली नाही, कारण तोवर नियम घट्ट झाले होते. पाच वर्षं आधी कोणी हे मांडलं असतं तर कदाचित सहज सामावून गेलं असतं. वय वाढलेल्या समूहात नवी कल्पना शिरायला किती कष्ट पडतात, त्याचं हे मला सगळ्यात बोलकं उदाहरण वाटतं.

त्या मुलाच्या बाबतीत मात्र वाट निघाली. आपल्या जिल्हा गॅझेटिअरच्या शेवटी गावांची लांबलचक यादी असते. क्षेत्रफळ, लोकसंख्या, टपाल कचेरी किती मैलांवर, बाजार कुठला आणि कोणत्या वारी, पिण्याचं पाणी विहिरीचं की नदीचं, जत्रा कोणत्या तिथीला. सगळं अक्षरी खुणांमध्ये दाटीवाटीने छापलेलं. मी धुळ्याच्या गॅझेटिअरची स्कॅन केलेली पानं उघडली, त्याचं गाव शोधलं. बाजार मंगळवारचाच निघाला. जत्रा चैत्रातलीच. त्याला पानाचा फोटो पाठवला. त्याला वाटलेलं आश्चर्य त्याच्या उत्तरात दिसत होतं. आपलं गाव एका सरकारी ग्रंथात छापलेलं आहे हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. बारवेचे फोटो त्याने स्वतः काढून कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामायिक चित्रसंग्रहावर, चढवले, परवाना कोणता निवडायचा ते विचारून विचारून. मग शेजारच्या गावांची तीच माहिती त्याने एकट्याने भरली.

पुढे तो पोलीस भरतीच्या तयारीला लागला आणि दिसेनासा झाला. त्याचं मला वाईट वाटत नाही. माणसं येतात, नोकरी लागते, लग्न होतं, मूल होतं, जातात. कुठलाही असा समूह याच पायावर उभा असतो. जाणाऱ्यांना थांबवता येत नाही. येणाऱ्याला पहिल्या चार दिवसांत कोण भेटतं, एवढंच आपल्या हातात असतं.

आमच्याकडे पांझरेवर फड पद्धत आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालची शेतं फडांत, म्हणजे मोठ्या पट्ट्यांत, वाटलेली. कोणत्या फडात कोणतं पीक ते सगळे मिळून ठरवणार. पाणी द्यायला पाटकरी, पिकावर नजर ठेवायला जागल्या, त्यांच्यावर हवालदार. शेकडो वर्षं शेतकऱ्यांनीच चालवलेली ही व्यवस्था. बंधारा एकदाच बांधला गेला. गाळ मात्र दरवर्षी काढावा लागतो. विकिपीडियाच्या राखणीचा मला कंटाळा आला, तेव्हा या पाटकऱ्याची आठवण झाली. तो काही नवं पिकवत नाही, पण त्याला कोणी बिनकामाचा म्हणत नाही, त्याच्या कामाचा मोबदला सगळे मिळून देतात. सामायिक साधनं माणसं कशी टिकवतात याच्या अभ्यासासाठी २००९चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या अशाच व्यवस्था पाहिल्या होत्या. त्यांच्या मांडणीतले दोन मुद्दे मला फार जवळचे वाटतात. ज्यांना नियम लागू होतात त्यांना ते बदलता आले पाहिजेत. आणि चुकणाऱ्याला आधी हलकी समज, मग वाढती शिक्षा. पहिल्याच चुकीला हद्दपारी नव्हे.

हे दोन्ही सुटलं की काय होतं, याची उदाहरणं लहान विकिपीडियांमध्येच सापडतात. क्रोएशियन विकिपीडियावर एकाच विचाराच्या मूठभर प्रचालकांनी जवळपास दशकभर ताबा ठेवला आणि इतिहासाचे लेख अतिउजवीकडे वाकवले. विरोध करणारे एकेक करून बाहेर गेले. २०२१मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने त्यावर अहवालच काढला. स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियाची गत उलटी. ती भाषा न येणाऱ्या एका अमेरिकन मुलाने हजारो लेख भलत्याच बोलीत लिहून ठेवले आणि २०२०पर्यंत फारसं कोणाच्या ध्यानात आलं नाही, कारण पाहायलाच कोणी नव्हतं. एकीकडे राखणदारच मालक झाले, दुसरीकडे राखणदारच नव्हता. मराठीसारख्या मधल्या आकाराच्या विकिपीडियाला दोन्हीकडून धोका आहे. किल्ल्या थोड्या हातांत, आणि डोळेही थोडेच.

या सगळ्यामुळे मी कार्यशाळांकडे वळले. २७ फेब्रुवारीच्या, मराठी भाषा गौरव दिनाच्या, आसपास महाविद्यालयांत विकिपीडियाच्या कार्यशाळा होतात. नेहमीचं चित्र असं: संगणक प्रयोगशाळा, चाळीस मुलं, उद्घाटन, दीपप्रज्वलन, आणि मग खाती उघडायला सुरुवात. पहिल्या सहा मुलांची खाती उघडतात. सातव्याला संगणक नकार देतो. एका अंकपत्त्यावरून (आयपी अ‍ॅड्रेस, इंटरनेट जोडणीचा क्रमांक) दिवसाला सहाच खाती उघडता येतात, ही उत्पात रोखण्यासाठी घातलेली मर्यादा आहे. अख्ख्या महाविद्यालयाचा अंकपत्ता एकच. चौतीस मुलं हात बांधून बसतात, सर माझ्याकडे पाहतात, आणि कोणीतरी आपापल्या मोबाइलचा डेटा चालू करायला सांगतं. आधी अर्ज केला तर ही मर्यादा त्या दिवसापुरती सैल करून मिळते, किंवा अधिकार असलेला सदस्य खाती उघडून देऊ शकतो. पण हे ठाऊक असायला आधी कोणीतरी या गल्लीत वावरलेलं लागतं.

खाती उघडली की पुढचा टप्पा. मुलं घाईत वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावरून मजकूर उचलून चिकटवतात, प्रताधिकाराचा भंग होतो, संध्याकाळपर्यंत लेखांवर पानकाढा साचे लागतात. कार्यशाळेच्या अहवालात चाळीस नवे लेख नोंदले जातात. महिन्याभराने त्यातले किती उरतात आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे चाळिसांपैकी कोण परत येतं, हे मोजायला कोणी थांबत नाही. म्हणून मी आता नवा लेख लिहायला लावतच नाही. आठवडाभर आधी घरून खातं उघडायला सांगते. कार्यशाळेत प्रत्येकाने आपल्या गावाचा लेख काढायचा, गॅझेटिअरची यादी समोर ठेवायची, आणि बाजाराचा वार, जत्रेची तिथी संदर्भासह घालायची. दोन ओळी, पण टिकणाऱ्या. मुलांना आपलं गाव यादीत सापडतं तेव्हा वर्गात जो गलका होतो, त्यासाठी मी एस.टी.ने तीनतीन तास जायला तयार असते.

गेल्या दोन-तीन वर्षांत राखणीचं काम पुन्हा पालटलंय. पूर्वी संशयास्पद मजकूर वाचताक्षणी कळायचा. शुद्धलेखन, सूर, काहीतरी ओरडून सांगायचं. आता यंत्राने लिहिलेला मजकूर येतो तो गुळगुळीत, व्याकरणशुद्ध, तळाशी संदर्भांसकट. ग्रंथ खरा असतो, लेखक खरा असतो, आणि दिलेल्या पानावर त्यातलं एक अक्षर नसतं. एक परिच्छेद तपासायला ग्रंथालय गाठावं लागतं, आणि असा परिच्छेद तयार व्हायला काही क्षण पुरतात. ग्रीनलँडिक भाषेचा विकिपीडिया बंद करायचा निर्णय २०२५मध्ये झाला. भाषा येणारे लिहायला जवळपास नव्हतेच, आणि यंत्राने केलेल्या चुकीच्या भाषांतरांनी तो भरत चालला होता. ती बातमी वाचून मला झोप लागली नाही.

यावर उपाय म्हणून दार आणखी लहान करावं असं काही जाणत्या मित्रांना वाटतं. इंग्रजीत २०१८पासून नवा लेख तयार करायला खातं किमान चार दिवस जुनं आणि दहा संपादनं झालेलं लागतं. मराठीतही तसं करावं, अशी सूचना गप्पांमध्ये वरचेवर येते. मी त्याच्या विरोधात आहे. इंग्रजीकडे दाराबाहेर रांग आहे, आपल्याकडे नाही. तिथे नव्यांना वाट दाखवायला ‘टीहाउस’ नावाचं चहापानाचं वेगळं दालन २०१२पासून आहे, त्यात पाळी लावून बसणारे जुने सदस्य आहेत. आपल्याकडे अडवायची सोय आधी झाली आणि हात धरून आत नेणारा नसला, तर तो मंगळवारच्या बाजाराबद्दल लिहिणारा मुलगा दारातूनच परत जाईल. माझं म्हणणं साधं आहे: जितके जण उलटवायला बसतात त्यातल्या निम्म्यांनी आठवड्यातला एक दिवस फक्त नव्यांच्या चर्चापानांवर घालवावा, साचा न लावता, स्वतःच्या शब्दांत. तो दिवस मी गुरुवार ठरवलाय. या गुरुवारी शिंदखेड्याच्या एका मुलीने विचारलंय, की तिच्या आजीने सांगितलेली ओवी विकिपीडियावर चालेल का. विकिपीडियावर नाही चालणार. विकिस्रोतावर, म्हणजे मूळ साहित्य जसंच्या तसं साठवणाऱ्या भावंड प्रकल्पावर, काय करता येईल ते मी आज तिथल्या जाणकारांना विचारते आहे.